हात किती दमला, हे मोजायचं कसं?

बारामतीच्या जळोची उपबाजारात प्रत्येक गोष्टीचं वजन होतं. फळांचा क्रेट काट्यावर जातो, रिकाम्या क्रेटचं वजन वजा होतं, आणि पट्टीवर किलो, भाव, हमाली, तोलाई सगळं मांडलं जातं. ज्या हातांनी तो क्रेट गाडीतून उतरवला, थप्पीला लावला आणि दुसऱ्या गाडीत चढवला, त्यांत पहाटे किती जोर होता आणि दुपारी किती उरला, याची नोंद मात्र कुठेच होत नाही. हमाल म्हणतो, “हात भरून आलेत.” मुकादम म्हणतो, “दोन घोट चहा घे, होतील मोकळे.” प्रकरण तिथंच मिटतं.

ही नोंद ठेवता येते. खर्च काही हजारांचा, आणि जुन्या पद्धतीनं केली तर जवळपास शून्य. बारामती-इंदापूर पट्ट्यात हातांच्या जोरावर चालणारी कामं भरपूर आहेत: माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांसाठी होणारी ऊसतोड, डाळिंबाची छाटणी, गोठ्यातली धार, बाजारातली हमाली, एमआयडीसीत शिवणयंत्रावर बसलेल्या बायकांचं काम. हा लेख या हातांसाठी आहे, आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्यांसाठीही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना फसगत होणार नाही. मुठीच्या ताकदीचा एकटा आकडा फारसं काही बोलत नाही. त्याच माणसाच्या त्याच हाताचा सकाळचा, संध्याकाळचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा, असे तीन आकडे शेजारीशेजारी लिहिले की त्यातून कामाबद्दल कळतं. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच घ्यायचा लोक विसरतात.

पकड राहते कोपराखाली

मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हातानं कोपराखालचा भाग चाचपा. आतल्या बाजूचा मांसल भाग दगडासारखा होतो. बोटं दुमडणारे मोठे स्नायू तळहातात नसून इथं आहेत. तिथून लांब शिरा, म्हणजे कंडरा, मनगटातून बोटांपर्यंत जातात. म्हणून दिवसभर पोती ओढल्यावर ठणका बोटांत कमी आणि पोटरीसारख्या या भागात जास्त लागतो.

आता मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ आवळून बघा. जोरच लागत नाही. मनगट किंचित मागं झुकलेलं असलं की पकड सर्वांत भक्कम. वाकलेल्या मनगटानं करावं लागणारं कोणतंही काम त्याच माणसाची ताकद फुकट घालवतं, हे एवढ्यावरून ध्यानात येईल. क्रेटची खाच फार खाली असेल, कात्रीचा दांडा उलटा बसत असेल, तर दोष हाताचा नसतो.

थकण्याचं कारण मुख्यतः रक्ताशी जोडलेलं आहे. स्नायू आवळला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. थोडा जोर लावला तर रक्त वाहत राहतं, पण पूर्ण ताकदीच्या अर्ध्याच्या पुढं गेलं की रक्तपुरवठा जवळजवळ थांबतो आणि स्नायू साठ्यावर चालतो. वाल्टर रोमर्ट या जर्मन संशोधकानं १९६० मध्ये याचा आलेख मांडला. पूर्ण ताकदीच्या निम्म्या जोरानं एखादी वस्तू न हलवता धरून ठेवली तर साधारण एक मिनिटात हात सुटतो, पाव जोरानं धरली तर तीन-चार मिनिटं निघतात. पंधरा टक्क्यांखालचा जोर कितीही वेळ चालतो असं रोमर्टचं म्हणणं होतं. पुढच्या अभ्यासांत ते खरं ठरलं नाही: हलका जोरही तासन्‌तास न सोडता लावला तर दमवतोच.

आता हे जळोचीत लावून बघू. वीस किलोचा क्रेट दोन हातांनी उचलला तर प्रत्येक हातावर दहा किलो. ज्या हमालाची मूठ चाळीस किलोची, त्याचा पाव जोर लागला. त्याच शेडमध्ये फळं निवडणाऱ्या, मूठ वीस किलोची असलेल्या बाईनं तोच क्रेट सरकवून उचलला तर तिचा अर्धा जोर गेला. काट्यावर क्रेट तेवढाच, हातावर मात्र दुप्पट. (हा हिशेब ढोबळ आहे. ओला, निसरडा क्रेट धरायला वजनापेक्षा जास्त जोर लागतो आणि चांगली खाच असेल तर कमी.) म्हणून “सगळे हेच उचलतात” या वाक्याला मोजमापाच्या जगात अर्थ नाही.

थकवा मोजायची कल्पना तशी जुनी. इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोसो या शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक यंत्र बनवलं. मधल्या बोटाला दोरी, दोरीला वजन, आणि प्रत्येक वेळी बोट किती वर गेलं याची रेघ कागदावर उमटायची. हळूहळू रेघा बुटक्या होत जात. मोसोला आणखी एक गंमत दिसली: दिवसभर तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकाचं बोटही लवकर थकतं, एक पोतं न उचलता. उचलीच्या काळजीनं रात्रभर झोप नसलेल्या तोडणी कामगाराचा सकाळचा आकडा कमी आला तर हे लक्षात असू द्या. आकडा एकट्या स्नायूचा नसतो.

साधन

यासाठीच्या उपकरणाला डायनॅमोमीटर म्हणतात. मुठीत धरून दाबायचं, तबकडीवर किंवा पडद्यावर किलो दिसतात. फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत दिसणारा जामार हा प्रकार तेलाच्या दाबावर चालतो. १९५४ मध्ये बेक्टॉल यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि आजही बाकीच्या उपकरणांची परीक्षा त्याच्याशी ताडून होते. त्याचा दांडा पाच जागी बसतो, म्हणजे हाताच्या आकाराप्रमाणे अंतर बदलता येतं. सर्वसाधारण मोजणीत दुसरी खाच वापरतात. फार लहान हात असेल तर पहिली घ्या, पण मग त्या व्यक्तीसाठी दर वेळी पहिलीच. सेलवर चालणारी डिजिटल उपकरणं स्वस्त आहेत आणि सकाळ-संध्याकाळचा फरक बघायला पुरतात. एखादा हमालांचा गट, बचत गट किंवा शेतकरी कंपनी मिळून एक घेऊ शकते.

स्वस्त उपकरण खरं बोलतं का, हे तपासण्याची सोय बाजार समितीत आयती आहे. वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं वीस किलोचं वजन मिळवा, उपकरणाचा वरचा भाग भक्कम आधाराला पकडा आणि दाबायच्या दांड्याला पट्ट्यानं ते वजन लटकवा. वीस यायला हवेत, पट्ट्याचं वजन धरून. मग दोन वजनं लटकवून चाळीस बघा. किलो-दीड किलो इकडेतिकडे झालं तर फरक लिहून ठेवा आणि वापरा. वीसला सतरा आणि चाळीसला बेचाळीस असं काही यायला लागलं तर परत करा.

उपकरण नसेल तर दोन उपाय. पहिला, रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा गुंडाळून, थोडी हवा भरून काटा वीसवर आणायचा आणि मुठीत दाबून तो कुठवर जातो ते बघायचं. सांधेदुखीच्या रुग्णांत ही पद्धत चालते. कष्टकरी पुरुषाच्या मुठीला ती कमी पडते, काटा तीनशेला टेकून थांबतो. दुसरा उपाय बादलीचा, आणि तो मला जास्त आवडतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळं वजन नेमकं ठरवता येतं. कडीला फडकं गुंडाळा, हात सरळ खाली ठेवून बादली जमिनीपासून वीतभर उचला आणि बोटं सुटू लागेपर्यंत किती सेकंद निघाले ते मोबाईलवर मोजा. सकाळी साधारण मिनिटभर निघेल एवढं पाणी भरा आणि तेवढंच कायम ठेवा. यातून ताकद कळत नाही, टिकाव कळतो. थकव्यासाठी टिकावच हवा असतो.

मोजण्याची रीत

रीत कंटाळवाणी आहे, पण ती पाळली नाही तर आकडे कचरा. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर टेकलेले. दंड अंगाला लागलेला, कोपर काटकोनात, अंगठा वरच्या दिशेला, मनगट सरळ किंवा किंचित मागं. मोजणाऱ्यानं उपकरण खालून नुसतं तोलून धरावं. “दाबा, अजून, अजून, सोडा” असं दर वेळी त्याच शब्दांत, त्याच सुरात म्हणावं. एकाला ओरडून आणि दुसऱ्याला पुटपुटून सांगितलं तर आकड्यात ओरडाच मोजला जातो. तीन ते पाच सेकंद जोर. उजवा, मग डावा, पुन्हा उजवा, असं आलटूनपालटून प्रत्येक हाताचे तीन प्रयत्न घ्या. एकाच हाताच्या दोन प्रयत्नांत निदान मिनिटभर जाऊ द्या. तीनमधला सर्वांत मोठा आकडा लिहा किंवा तिघांची सरासरी लिहा, दोन्ही चालतं. आज एक आणि उद्या दुसरं, हे चालत नाही.

दाबताना श्वास रोखू नका. रक्तदाब वाढलेला, हृदयविकार असलेला, नुकतंच हर्नियाचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस यात नको. मनगट सुजलेलं असेल तर मोजायचं नाही. चौघांसमोर मोजणीही नको. मोठ्यानं आकडा सांगितला की पैजा सुरू होतात आणि सकाळच्या आकड्यासाठी माणूस खांदा उतरवून घेतो.

हिवाळ्यात आणखी एक भानगड. तोडणी पहाटे अंधारात सुरू होते, नीरेच्या कालव्याकाठच्या फडात बोटं गारठलेली असतात. गार स्नायू कमी जोर देतो. तसंच मोजलं तर सकाळचा आकडा खोटा कमी येईल आणि संध्याकाळी थकवा दिसणारच नाही, कदाचित हात “सुधारलेला” दिसेल. आधी हात चोळून, मूठ उघड-मीट करून, शेकोटीवर बोटं गरम करून मग मोजा.

वेळा चार: कामाआधी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी, काम संपल्यावर दहा मिनिटांच्या आत, आणि दुसऱ्या दिवशी कामाआधी. चारही जमत नसतील तर दुपारची गाळा.

आता गणित. सकाळच्या आकड्यातून संध्याकाळचा वजा करा, उरलेल्याला सकाळच्या आकड्यानं भागा, शंभरनं गुणा. शेतकरी स्त्रियांच्या कष्टांवर काम करणाऱ्या गृहविज्ञान महाविद्यालयांत, आपल्याकडे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही, विळा, खुरपं, तोडणीची साधनं यांची तुलना अशाच मोजणीनं होत आली आहे: काम करण्याआधीची पकड, काम झाल्यावरची पकड, आणि घट किती टक्के. ज्या साधनानं घट कमी, ते साधन चांगलं. समजा सकाळी ४० आणि संध्याकाळी ३४ आले, तर घट १५ टक्के.

पण ४० चे ३८ झाले म्हणून थकवा सिद्ध झाला असं समजू नका. काही न करताही एकाच माणसाच्या दोन मोजण्यांत दोन-तीन किलोंचा फरक पडतो. वैद्यकीय अभ्यासांत साधारण ५ ते ६.५ किलोंचा बदल अर्थपूर्ण धरतात. म्हणून एका दिवसावर जाऊ नका, आठवडाभराची वही बघा. रोज संध्याकाळी घट दिसते आणि रोज सकाळी आकडा मूळ जागी येतो, तर हात कष्ट करतोय आणि सावरतोय. यात घाबरण्यासारखं काही नाही. सोमवारी सकाळी ४०, मंगळवारी ३८, गुरुवारी ३५, शनिवारी ३३ असा उतार लागला तर रात्रीची विश्रांती पुरत नाही. इथं थांबून काम बदलायला हवं. दुखणं सुरू व्हायच्या आधी वहीत ते दिसायला लागलेलं असतं.

आकड्याशेजारी एक प्रश्न विचारून उत्तर लिहा: शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे आता मूठ वळतच नाही, तर हात किती दमलाय? आकडा आणि उत्तर जुळलं नाही तर उत्तरावर विश्वास ठेवा. जिद्दी माणूस दमलेला असतानाही एकदा पाच सेकंद पूर्ण जोर काढून दाखवतो. त्यावर उतारा म्हणून दहा दाबांची चाचणी आहे: तीन सेकंद पूर्ण जोर, तीन सेकंद सोड, असं दहा वेळा. शेवटच्या तीन दाबांची सरासरी पहिल्या तिघांच्या किती टक्के आली ते बघा. जिद्द पहिल्या दाबात दिसते, दहाव्यात दिसत नाही.

एकट्या आकड्याचाही उपयोग आहे, थोडासा. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये वयस्कर माणसांतली स्नायूंची झीज ओळखण्यासाठी पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलो ही खालची रेषा ठरवली. तुमची मूठ याच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, भारतासह १७ देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांच्या अभ्यासात पकड पाच किलोंनी कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त आढळला होता. यावरून कुणी रोज रबरी चेंडू दाबत बसू नये. पकड हे एकूण तब्येतीचं चिन्ह आहे. चेंडू दाबून चिन्ह बदलेल, तब्येत बदलेलच असं नाही. युरोप-अमेरिकेचे तक्तेही इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका, दक्षिण आशियातल्या माणसांची पकड सरासरीनं कमी असते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं २००९ मध्ये भारतीय शेतमजुरांच्या शरीरमापांचं आणि ताकदीचं संकलन छापलं ते याच कारणानं: परदेशी हातासाठी बनवलेला दांडा आपल्या हाताला बसत नाही.

फडात, बागेत, गोठ्यात

ऊसतोडीत मोजायचं असेल तर दोन्ही हात मोजा. कोयता उजव्या हातात दिसतो म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे जातं, पण डावा हात दिवसभर ऊस धरून ओढत असतो. उजव्या हाताचा एरवी साधारण दहा टक्के वरचष्मा असतो. काम संपल्यावर तो वीस टक्क्यांवर गेला तर डावा जास्त दमतोय. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे विसरून चालणार नाही. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पकडीचं काम दोघांचं, मोजणी बहुतेक वेळा एकाचीच. बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या या जोड्यांची मजुरी टनावर असते, त्यामुळं “दर तासाला दहा मिनिटं बसा” असा सल्ला देणं म्हणजे त्यांच्या खिशातून पैसे काढणं. तो सल्ला मी देणार नाही. त्याऐवजी कोयत्याकडे बघा. बोथट कोयत्याला जास्त घाव लागतात आणि प्रत्येक घावाला मूठ जास्त आवळावी लागते. कानस लावायला गेलेली पाच मिनिटं टनात भरून निघतात. एक दिवस बोथट कोयता, दुसऱ्या दिवशी तसल्याच फडात धार लावलेला, आणि दोन्ही दिवसांची घट वहीत: मुकादमाला पटवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. कोयत्याची मूठ बारीक असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तीन ते चार सेंटिमीटर जाडीची करा. बोटांची टोकं अंगठ्याच्या मुळाला जेमतेम टेकतील ती जाडी बरोबर.

गवत, ज्वारी, गहू कापणाऱ्यांसाठी दातेरी ‘वैभव’ विळा आहे. त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही आणि हिसका कमी लागतो. जानेवारीत शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं, तिथं अवजार विकत घेण्याआधी मुठीत धरून, दहा-वीस वेळा हवेत चालवून बघा. लोक पात्याकडे बघतात, दांडा बघत नाहीत.

डाळिंबाच्या छाटणीत वजन काहीच नाही, तरी हात जातो. कारण काम वेगळ्या प्रकारचं आहे: दिवसातून हजारो वेळा कात्री मिटायची आणि स्प्रिंगच्या विरुद्ध धरायची. इथं सकाळ-संध्याकाळचा मोठा आकडा कधीकधी फारसा घटत नाही, पण दहा दाबांची चाचणी ढासळते. मोठ्या तोंडाची कात्री लहान हाताला दिली की बोटांची फक्त टोकं दांड्यावर येतात आणि जोर अर्धा वाया जातो. बायकांना वेगळ्या मापाची कात्री द्या, तीच गड्यांची देऊ नका. स्प्रिंगला तेल, पात्यावरचा चीक दुपारी पुसणं, अंगठ्याएवढ्या जाड फांदीला कात्री न लावता करवत घेणं, एवढ्यानं फरक पडतो. बोट दुमडलं की अडकतं आणि सोडवताना टक्‌ असा झटका बसतो, हे दुखणं छाटणीवाल्यांत ओळखीचं आहे. ते व्हायला लागलं की चाचणी थांबवा आणि कात्रीही.

गोठ्यात सर्वांत जास्त दुरुस्ती शक्य आहे. अंगठा दुमडून त्याच्या पेराआड सड दाबून धार काढायची सवय अनेकांना असते. त्यात सडाला इजा होते आणि अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो. पशुवैद्यक पूर्ण मुठीनं धार काढायला सांगतात: सड तळहातात, वरून अंगठा आणि तर्जनीनं अडवायचं, मग एकेक बोट खाली मिटत जायचं. जोर चार बोटांत वाटला जातो. पान्हा सुटल्यावर सहा-आठ मिनिटांत धार संपायला हवी, कारण पान्ह्याचा जोर तेवढाच टिकतो. वेळ त्याहून जास्त लागत असेल तर एक तर गाय नीट पान्हवत नाही किंवा हात दमलेत, आणि दुसरं कारण वहीत सापडेल. दोन्ही पद्धतींनी एकेक आठवडा काढून बघा. गाई वाढल्या आणि धार काढणारं माणूस एकच राहिलं तर मात्र पद्धत पुरणार नाही, यंत्र घ्यावं.

हमालीत मोजण्याआधी वजनाकडेच बघायला हवं. क्विंटलचं पोतं पाठीवर घेण्याचा काळ हमालांच्या संघटनांनी लढून मागं टाकला आणि ५० किलोंचं पोतं आलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्ये पुरुषासाठी ५५ किलोंची वरची मर्यादा सुचवली होती. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचं सूत्र त्याहून कडक आहे: सगळी परिस्थिती उत्तम असली तरी दोन हातांनी २३ किलोंपर्यंत. ५० किलोंचं पोतं म्हणजे सुरक्षित पोतं असा अर्थ काढू नका. क्रेटच्या बाबतीत बोटांत रुतणारी धार हीच मोठी अडचण असते. मूठ दमण्याआधी बोटं दुखतात आणि माणूस क्रेट छातीशी कवटाळून कंबर वाकवतो. हातमोजे घालायचे तर पातळ आणि खरबरीत तळव्याचे. जाड मोज्यात पकड कमी होते. खात्री करायची तर हातमोजा घालून आणि काढून डायनॅमोमीटर दाबून बघा. माल उतरवणं आणि थप्पी लावणं ही कामं दोघांत आलटूनपालटून केली तरी हाताला उसंत मिळते. लहान, वारंवार मिळणारी उसंत तासाभराच्या एका सुट्टीपेक्षा स्नायूला जास्त मानवते, कारण रक्त लगेच परत येतं.

शिवणकामाबद्दल थोडंच. तिथं मुठीपेक्षा चिमटीचा जोर लागतो आणि तो मोजायचं वेगळं उपकरण असतं. साधा डायनॅमोमीटर आणून शिलाईचा थकवा शोधायला जाऊ नका, सापडणार नाही आणि “काही झालेलं नाही” असा चुकीचा दाखला मात्र मिळेल.

एखादीचा आकडा सतत कमी आणि टिकावही कमी असेल, साधन बदलूनही फरक पडत नसेल, तर हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. रक्तच कमी असेल तर विळ्याचा दांडा बदलून काय होणार?

वही कुणाची?

इथं एक धोका स्पष्ट सांगायला हवा. ही मोजणी ठेकेदाराच्या हातात गेली की पहिला विचार येतो तो माणसं निवडण्याचा: चाळीसच्या वरचे आत, खालचे बाहेर. तसं करू नये, आणि करू देऊ नये. पकडीचा आकडा माणसाचं कसब सांगत नाही; मुरलेला हमाल कमी जोरात जास्त माल हलवतो, कारण वजन हातावर न घेता अंगावर कसं घ्यायचं हे त्याला ठाऊक असतं. शिवाय आकड्यावर रोजगार ठरणार हे कळलं की कुणीही दुखत असताना दाबेल. मालकानं मोजायचंच असेल तर नावं न लिहिता सगळ्यांची मिळून सरासरी घट मोजावी आणि अवजार, वजन, कामाची आखणी बदलल्यावर ती कमी झाली का ते बघावं. प्रत्येकाची वही प्रत्येकाच्या घरी.

आणि ती दवाखान्यात न्यायची. काही खुणा दिसल्या तर आठवडाभर वाट बघू नका. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दाबली जात असते. करंगळीकडच्या बाजूला बधिरपणा असेल तर कोपराजवळची. मधुमेह असणाऱ्यांनी दोन्ही खुणा अंगावर काढू नयेत. दोन दिवस विश्रांती घेऊनही एकाच हाताचा आकडा वर येत नसेल तर दाखवा. आणि एका हाताची पकड अचानक, काही मिनिटांत गेली, सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर ती थकव्याची गोष्ट नाही, तो लकवा असू शकतो: १०८ ला फोन करा, मोजत बसू नका. बाकीच्यांसाठी बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं नुसतं “हात दुखतो” म्हणू नका. उजवा हात तीन आठवड्यांत अडतीसवरून एकोणतीसवर आलाय, डावा आहे तिथंच आहे, आणि या काळात छाटणी चालू होती, एवढं सांगा, आणि मोजताना उपकरण कोणतं होतं, खाच कितवी होती, हेही.